तुरीतून गेलेली वाट

आम्ही शहराच्या टोकाला, सक्करदऱ्याच्या पुढे प्लॉट घेतला, तेव्हा तिथे लेआउट म्हणजे शेतात पुरलेले खुणेचे दगड होते. त्यात आमच्यासारखी तीन-चार बिऱ्हाडं. नळ नव्हता, रस्ता नव्हता. ज्यांची ती जमीन होती, त्या म्हाताऱ्यानं बाकी शेत विकून एक पट्टी स्वतःकडे ठेवली होती आणि त्यात तूर पेरली होती. नेमकी तीच पट्टी आमच्या आणि पक्क्या सडकेच्या मध्ये होती. आम्हाला नाल्याकडून लांबचा फेरा पडे.

माझे यजमान दोनदा त्यांच्याकडे वाट मागायला गेले. दुसऱ्यांदा आवाज चढला.

"एवढीच राह्यली गा माही," म्हातारबा म्हणाले. "तेही तुमाले देऊ, तं मी सकाळी उठून जाऊ कुठं?"

त्यानंतर आमचं त्यांच्याशी बोलणं बंद झालं. त्यांची म्हातारी मात्र शेतात निंदता निंदता मान वर करून माझ्या पोटाकडे बघून हसायची.

त्या श्रावणात चार दिवस झड लागली होती. यजमान रामदासपेठेत ऑफिसला गेले आणि दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. नाल्याला पूर होता. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि म्हातारीला हाक मारली.

ती चिखल तुडवत आली. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "रडून काहून राहिली वं? मी हाओ ना." मग तिनं नवऱ्याला हाक दिली, "अजी, बंडी जुपा."

म्हातारबांनी बैल जुंपले, बंडीत कडबा आणि वर घोंगडं टाकलं. नाल्याकडे एकदा पाहिलं आणि बैल सरळ तुरीत घातले.

"पिकातून नेता?" मी कळ दाबत विचारलं.

"मंग काय उडवत नेऊ?" ते म्हणाले.

कमरेएवढी तूर चाकांखाली मोडत होती. हिरवा, ओला वास येत होता. म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं माझ्या तोंडावरचा पाऊस अडवत होती. सडकेवर रिक्षा मिळाली. ती तशीच, चिखलाच्या पायांनी, माझ्याबरोबर दवाखान्यात आली. दिवेलागणीला मुलगी झाली. यजमान धावत पोचले, तेव्हा बाळ तिच्याच हातात होतं.

घरी परतल्यावर यजमान त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "माझ्यामुळे तुमचं पीक गेलं."

"पोरीले कोणत्या वाटेनं घरी आणलं?" म्हातारबांनी विचारलं.

"तुमच्या शेतातूनच."

"मंग झाली ना वाट."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी चाकोरीच्या दोन्ही बाजूंना पेरलं, मधली जागा मोकळी सोडली. लेआउटमधल्या आम्ही सगळ्यांनी रविवारी जमून तिथे मुरूम पसरला. म्हातारबा बैलांना सावलीत बांधून आमच्याबरोबर घमेली उचलत होते.

म्हातारी रोज सकाळी मुलीला तेल लावायला यायची. मुलगी तिला मायी म्हणायला शिकली आणि मग मीही तेच म्हणू लागले.

घरं वाढत गेली. म्हातारबा गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती पट्टीही विकली. आमच्या त्या वाटेवर डांबर पडलं त्या दिवशी मायी आणि मी फाटकात उभ्या होतो. रोलर पुढे-मागे फिरत होता.

"आता इथं काईच उगवनार नाई ना वं?" तिनं विचारलं.

"नाही, मायी."

मी तिचा हात धरून तिला आत आणलं आणि चहा टाकला. मुलगी शाळेतून येईपर्यंत ती थांबली.