आइतमायाने राखलेलं इंजिन

बिर्खे राईला आज पाहून खरं वाटणार नाही, पण दार्जिलिंगकडच्या आमच्या मानेभंजांगच्या जीप स्टँडवर त्याच्याइतका आगाऊ ड्रायव्हर दुसरा नव्हता. माझ्या चहाच्या दुकानात बसून संदकफूच्या चढावर कोण कुठे गिअर चुकतो, ते तो सगळ्यांना ऐकवायचा. स्वतः मात्र दुसऱ्याची जीप हाकायचा. बापाची जुनी लँड रोव्हर घरामागे गोठ्याशेजारी पडून होती. बाप जसबीर वारला त्याच पावसाळ्यात तिच्यावर धुपीचं झाड कोसळलं. बॉनेट चेपलं, टप फाटला, सीटमधून नेचे उगवले.

ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं बिर्खेच्या आईने, आइतमायाने.

"स्टँडच्या रांगेत तुझ्या बाचा नंबर अजून आहे," ती म्हणाली. "गाडी नाही म्हणून तो दुसऱ्याच्या घशात घालू?"

नवी नवरी होती तेव्हापासून ती जसबीरबरोबर वर जायची. चढावर गाडी दमली की उतरून चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायची. त्यामुळे मायलेकांचं काम पाहण्यासारखं असे. ती आतून लाकडी हातोड्याने पत्रा ठोकायची, तो बाहेरून वाळूची पिशवी दाबून धरायचा.

"हळू रे, भाकरी नाही थापत आपण!"

"आमा, तूच ठोकतेयस."

"मग धर नीट. बाप तुझा एका हाताने धरायचा, दुसऱ्याने विडी ओढायचा."

इंजिनाला मात्र ती त्याला हात लावू देत नसे. नवरा गेल्यावर तिनेच त्यात तेल घालून, तोंडं चिंध्यांनी बंद करून ठेवली होती. आता तिनेच ते उघडून एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, परत बसवला. इंजिन खोकायचं, धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं.

"कार्बोरेटर गेलाय," ती म्हणायची. "तेवढा मिळाला की तुझ्या बाचं इंजिन चालणार. हे चाललं की मग माझं काही मागणं नाही."

तेवढ्यात रिम्बिकला लेकीचं बाळंतपण आलं आणि आइतमाया तिकडे गेली. इकडे दसैं, म्हणजे आमचा दसरा, जवळ आला. संदकफू पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचा मोसम सुरू होणार होता, आणि स्टँडवरच्या मंडळींनी उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली.

"अरे, पेट्रोलचं धूड कशाला पोसतोस? डिझेलचं टाक. सगळ्यांनी टाकलंय."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडच्या निम्म्या लँड रोव्हरांच्या पोटात आता दुसऱ्याच जीपचं काळीज आहे. बिर्खेने दरीत गेलेल्या एका जीपचं डिझेल इंजिन आणून बसवलं. जुनं अंगणात अडचण करत होतं. सिलिगुडीचा भंगारवाला पिकअप घेऊन आला होता, त्याला देऊन टाकलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. बिर्खे माझ्याकडे येऊन सगळ्यांना चहा पाजत सुटला.

आइतमाया परतली ती थेट माझ्या दुकानासमोर उतरली. शालीत काहीतरी गुंडाळून पोटाशी धरलं होतं.

"दिदी, हे बघ! रिम्बिकला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे मिळाला. हातापाया पडून आणलाय." कार्बोरेटर होता.

बिर्खे तिथेच बसला होता. चहा तसाच ठेवून तो तिच्यामागे निघाला. घरी जाऊन तिने बॉनेट उघडलं, पाहिलं, पुन्हा लावलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी बिर्खे सिलिगुडीला धावला. बैल गेला अन् झोपा केला! भंगारवाल्याने इंजिन केव्हाच फोडून पुढे पाठवलं होतं.

दसैंचा टिका लावून घ्यायला तो आईपुढे बसला तेव्हा मीही तिथे होते. तिने दह्यातांदळाचा टिका कपाळावर लावला, कानामागे जमरा, म्हणजे जवाचे पिवळे कोंब, खोवला, आशीर्वाद दिला. तो रडायलाच लागला.

"आमा, तू नको म्हणशील म्हणून विचारलं नाही."

"मोसम तोंडावर आलाय हे मला कळत नव्हतं होय रे?" ती म्हणाली. "हो म्हटलं असतं मी. नवं बसव, जुनं गोठ्यात ठेव, एवढंच म्हटलं असतं. विचारायचं होतंस."

दोन वर्षं झाली. गाडी झकास चालते, बापाच्या नंबरावर लागते. पण बिर्खे आता लहानसहान गोष्ट आईला विचारतो. टायर बदलू का, नवा टप हिरवा घेऊ की काळा, उद्या भाडं घेऊ का. परवा माझ्यासमोरच विचारत होता. आइतमाया मोहरीचा पाला निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारतोस? गाडी तुझी आहे."