रक्तातली सूज

भाकरीचा तुकडा चावताना सासूबाई मध्येच थांबायच्या. जबडा थकतो म्हणायच्या. दाताचं दुखणं समजून घरच्यांनी त्यांची एक दाढ काढून आणली. मग कानशिलं दुखायला लागली. मी वेणी घालताना कंगवा जरा लागला तरी त्या डोकं बाजूला घ्यायच्या. एका सकाळी म्हणाल्या, उजव्या डोळ्यापुढे धूर आलाय. चूल तर अजून पेटवलीच नव्हती.

शहाद्याच्या डॉक्टरांनी कानशिलावरची शीर बोटाने चाचपली आणि रक्त तपासायला पाठवलं. तिथे रक्त बारीक नळीत भरून नळी उभी ठेवतात. तासाभरात लाल भाग किती खाली बसतो ते बघायचं, असं तिथल्या मुलीने सांगितलं. सासूबाईंचं रक्त फार लवकर खाली बसलं. वर नुसतं पिवळं पाणी.

डॉक्टर म्हणाले, रक्तात सूज दाखवतेय. एवढ्यावरून आजाराचं नाव कळत नाही, पण जबडा, कानशील, डोळा हे सगळं एकत्र धरलं तर डोक्याच्या शिरा सुजल्या असाव्यात. बाकीच्या तपासण्या होतील, गोळ्या मात्र आजच घ्या, नाहीतर दुसरा डोळाही जाईल.

सासूबाईंनी 'सूज' एवढंच ऐकलं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या पायावर सूज आली की बायका एकमेकींकडे बघतात आणि लेकींना शेवटचं भेटून जा म्हणून निरोप जातो. बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यांनी लुगडं जरा वर घेतलं, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. तशा त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पायवर नही, म्हणजे वर चढी गई. माले घर ली चाल. मरानंच शे, ते गोया कसाले?"

नवऱ्याने त्यांना उठवायला हात दिला. त्यालाही तेच वाटलं असावं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण गोळ्या माझ्या हातात होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि हळूच म्हणाले, "माय, ती सूज नही. काटा भरना की बोट सुजस, तशी डोकानी शीर सुजेल शे. तुम्हना जीव नही, डोया चालना."

"डोया?" त्या म्हणाल्या. डोळा जाईल हे त्यांनी तेव्हाच ऐकलं. मग गोळ्यांसाठी हात पुढे केला.

जबडा लवकरच मोकळा झाला. अधूनमधून पुन्हा रक्त तपासतात, आता ते सावकाश बसतं, म्हणून डॉक्टर गोळ्या थोड्या थोड्या कमी करतात. डावा डोळा वाचला. उजव्यापुढचा धूर काही हटला नाही. त्या बाजूने कुणी आलेलं त्यांना कळत नाही, दचकतात. म्हणून तिकडून जाताना मी आधी बोलते.