बसून घेतलेलं माप

जिन्यात मास्टर आता तीनदा थांबते. पूर्वी एकदाच थांबायची, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी, तेही पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला. आई तिसऱ्या मजल्यावर दाराआड उभी राहून ऐकते. पावलं येतात, थांबतात, पुन्हा येतात. दार उघडेपर्यंत लेकीचा चेहरा हसरा झालेला असतो. "काय गं, तुमच्या जिन्याला पायऱ्या वाढवल्यात वाटतं," असं म्हणत ती आत येते आणि पाणी मागते. गेले चार रविवार आई मुकाट्याने पाणी देते आहे आणि गेले चार रविवार तिच्या जिवाला घोर लागला आहे.

डॉक्टरकडे चल, एवढं साधं वाक्य. पण ते कोणत्या तोंडाने म्हणायचं, हा आईपुढचा प्रश्न होता.

मास्टर म्हणजे तिची थोरली मुलगी. वय अडतीस. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्टर आहे. लांबच लांब टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरतात, वरच्या थरावर खडूने आखतात आणि मग मास्टर विजेची सुरी हातात घेते. त्या वेळी कारखान्यात कोणी तिच्याशी बोलत नाही. सुरी एकदा चुकली म्हणजे साठ वेळा चुकली. सोळा वर्षांत तिची सुरी चुकल्याचं कोणाला आठवत नाही. अंगाने ती भरलेली, लहानपणापासूनच. टेबल फार खाली पडतं म्हणून तिने पहिल्याच वर्षी त्याच्या पायांखाली विटा लावून घेतल्या. मालक म्हणाले, "आजवर कोणी तक्रार केली नाही." ती म्हणाली, "आजवरच्यांच्या कमरा विचारून बघा." त्या विटा अजून आहेत, आणि पलीकडच्या दोन टेबलांखालीही आल्या आहेत.

आईचं तोंड बंद होण्यामागे मात्र तिची स्वतःचीच करणी होती.

मास्टर सहावीत असताना घरी पाहुणे जमले होते. आत्याने तिच्या फ्रॉकची कड चिमटीत धरून सगळ्यांसमोर म्हटलं, "वहिनी, हिच्या एका फ्रॉकच्या कापडात माझ्या दोघी होतील." सगळे हसले. पोरगीही हसली, कड सोडवून आत पळाली आणि मग दिवसभर कोणाच्या समोर आली नाही. पुढच्या आठवड्यात शाळेच्या कपड्यांची मापं घ्यायची होती. घरातले कपडे आईच शिवायची. टेप म्हणाली बत्तीस. आई म्हणाली, "तीस." पोरीचा चेहरा उजळला. आईने गुपचूप बत्तिसावरच बेतलं, आत शिवणीला जास्तीची मायाही सोडली, फ्रॉक छान बसला. मग तीच सवय झाली. टेप एक आकडा म्हणायची, आई दोन इंच कमी सांगायची, पुढे चार कमी. कपडे बसत होते, लेक खूश होती, यात कोणाचं काय बिघडतंय, असं आईला वाटायचं.

बिघडलं ते शिवणकामाच्या शाळेत, शेवटच्या परीक्षेला. प्रत्येकीने स्वतःच्या मापाचा कोट बेतून शिवायचा होता. जोडीदारणीकडून मापं घ्या, असं बाईंनी सांगितलं. लेकीने कोणाला अंगाला हात लावू दिला नाही. "मला माझी मापं पाठ आहेत," म्हणाली. पाठ होती ती आईने सांगितलेली. कोट अंगात घातला तेव्हा पुढच्या दोन बाजू एकमेकींना भेटेनात. बाईंनी वर्गाला दाखवलं, "या बघा आपल्या मास्टर. जगाची मापं घ्यायला निघाल्या, स्वतःचं येत नाही." मास्टर हे नाव पडलं ते तिथे, टोमणा म्हणून.

घरी येऊन तिने कोट पलंगावर पसरला.

"केव्हापासून, आई?"

"सहावीपासून."

"सगळी मापं?"

"सगळी."

तिने कोटावरची एक सुरकुती हाताने सरळ केली. म्हणाली, "कापड फार चांगलं होतं गं." एवढंच. त्यानंतर तिने दोन्ही बाजू उसवल्या, गडद रंगाच्या लांब पट्ट्या आत भरल्या आणि असा काही कोट केला की दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी नमुना उतरवून घेतला. पण तेव्हापासून तिने आईला स्वतःच्या अंगाला टेप लावू दिली नाही. आईनेही तिच्या शरीराचा विषय कधी काढला नाही. जिने खोटं सांगितलं तिचं खरं कोण ऐकेल?

डॉक्टरांचं प्रकरण त्याच्या कितीतरी नंतरचं. चार वर्षांपूर्वी मास्टरचा कान ठणकत होता. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "आधी वजन उतरवा." हा किस्सा ती फार रंगवून सांगते. "मी म्हटलं, डॉक्टर, कानाचं किती उतरवू?" ऐकणारे पोट धरून हसतात. आई हसत नाही, कारण तेव्हापासून लेकीने दवाखान्याची पायरी चढलेली नाही, हे तिला ठाऊक आहे.

अशात महिन्याभरापूर्वी मास्टरचा फोन आला. बस डेपोच्या तीनशे ड्रायव्हरांचे गणवेश शिवायला आले होते आणि मापं लिहून घेणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. "तुझं अक्षर चांगलं आहे. आठवडाभर येशील का?" आईने तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी लिहिल्या होत्या. अक्षराबद्दल कोणी शंका घेऊ नये.

पहिल्याच दिवशी डेपोच्या साहेबांनी दोघींना खोलीत बोलावलं.

"मागच्या खेपेची मापं आहेत ना तुमच्याकडे? त्यावरच बेता. ज्याला बसणार नाही तो उतरवेल पोट. हल्ली जो तो सुटलाय. खायचं आणि बसायचं."

"बसतात ते तुम्ही बसवता म्हणून, साहेब," मास्टर म्हणाली. तिने पिशवीतून जुनी वही काढली. "हे बघा. बारा वर्षांपूर्वी या माणसाची कंबर चौतीस. तेव्हा हा कंडक्टर, दिवसभर गाडीत पुढेमागे फिरायचा. मग तिकिटाचं मशीन आलं, याला ड्रायव्हर केलं. आता दहा तास बैठक. तुमचं कँटीन बंद झालं, तिथे वेफरची पाकिटं टाकणारं मशीन उभं आहे. आज पहाटेची पाळी, उद्या रात्रीची, झोपेचा पत्ता नाही. एखादा माणूस आळशी झाला म्हटलं तर पटेल. इथे तीनशे जण एकदम आळशी कसे झाले?"

साहेब वही चाळत होते. एका पानावर त्यांचा हात थांबला. मागच्या खेपेला तेही साधे निरीक्षक होते आणि त्यांचंही माप तिथे लिहिलेलं होतं. त्यांनी वही अलगद मिटली. "घ्या नवी मापं," म्हणाले. "पण लवकर आटपा."

आई बाजूच्या खुर्चीत बसली होती. हीच ती फ्रॉकची कड सोडवून पळालेली पोरगी, असं तिच्या मनात आलं आणि तिने उगीचच पेनाचं टोपण तीनदा लावलं, काढलं.

बंद कँटीनच्या खोलीत मास्टरने भंगारातल्या बसची एक सीट आणून ठेवायला लावली. आडवा पडदा बांधला. एकेकाला आत घ्यायची. आकडा कधी मोठ्याने उच्चारायची नाही. टेपवर नख ठेवायची, आईने वाकून बघायचं आणि लिहायचं.

पहिला आत आला तो ड्रायव्हर. त्याला सगळे पैलवान म्हणत. दुसऱ्याने चेष्टा करण्याआधी आपणच करून घ्यायची, या जातीचा गडी.

"मास्टर, टेप पुरेल ना? नाहीतर दोरखंड मागवतो."

"साठ इंची टेप आहे. तुम्ही तिच्यापुढे अजून लहान आहात. बसा."

"बसू? माप कोणी बसून देतं का?"

"गाडी उभ्याने चालवता का?"

पैलवान सीटवर बसला. बसल्यावर कंबर दोन-अडीच इंच वाढते. आजवर सगळ्यांनी ड्रायव्हरांना उभं करून मापलं होतं आणि मग त्यांनी वर्षानुवर्षं काचणाऱ्या पँटीत दहा दहा तास काढले होते. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "च्यायला," तो म्हणाला, "हे आजवर कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?"

तिसऱ्या दिवशी वहीतला तो चौतीस कंबरेवाला माणूस आला. पन्नाशीचा, अबोल. शर्ट बाहेर सोडलेला. शर्ट वर केला तेव्हा दिसलं, पँटीचा हुक उघडाच होता, वरून पट्ट्याने आवळलेला. त्याने मान दुसरीकडे वळवली. मास्टरने त्याला बसवलं, टेप फिरवली, नख ठेवलं. शेहेचाळीस. आईने त्याच्या मानेकडे पाहिलं आणि तिच्या हाताने आपोआप ४४ लिहिलं.

"आई," मास्टर हळूच म्हणाली, "आहे ते लिही. इथे कमी लिहिलंस तर ते घालताना कळेल. तेव्हा चारचौघं असतील."

आवाजात राग नव्हता. आईचे कान तापले. तिने खोडून ४६ लिहिलं.

"किती भरलं?" त्या माणसाने विचारलं.

"तुम्हाला हवं असेल तर सांगते. नाहीतर वहीत राहील."

"सांगा."

"शेहेचाळीस."

त्याने शर्ट खाली ओढला. "दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कंबर विचारली होती. मी चाळीस सांगितलं."

"मग औषध चाळीस कंबरवाल्याला लागू पडेल, तुम्हाला नाही," मास्टर म्हणाली. "कपडा काय अन् डॉक्टर काय, खरं सांगितलं तरच बसतं. उठा, झालं."

आई खाली मान घालून पुढचा रकाना आखत होती. हेच वाक्य लेकीला कोण सांगणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तीन आठवड्यांनी, म्हणजे काल, गणवेश घालून बघण्याचा दिवस होता. डेपोच्या अंगणात माणसं नवे कपडे घालून गाडीत चढत होती, स्टिअरिंगमागे बसत होती, पुन्हा उतरत होती. पैलवान पाय दुमडून खाली बसून दाखवत होता आणि पुढच्याला म्हणत होता, "बघ, टरकली नाही." साहेबही नव्या पँटीत होते. मास्टर टेप गळ्यात टाकून मधोमध उभी होती. नऊ-दहा जण तिच्याभोवती मास्टर, मास्टर करत घोटाळत होते. त्या नावातला टोमणा कधीच झडून गेला होता. आईला वाटलं, आत्याला इथे आणून उभं करावं. मग वाटलं, कशाला, आपण बघितलं तेवढं पुरे.

परतताना आई बसमध्ये चढली तर स्टिअरिंगमागे तो अबोल माणूस. शर्ट आत खोचलेला. आई पुढच्याच सीटवर बसली. तिचा थांबा आला तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "मास्टरांना सांगा, आज कितीतरी वर्षांनी श्वास पोटापर्यंत गेला. आणि दवाखान्यातही खरं सांगून आलो. त्या डॉक्टरबाई आधी तपासतात, वजनाचं मागून बोलतात." आईने उतरता उतरता त्या बाईंचा नंबर मागून घेतला.

आज सकाळी ती फोनपाशी बसली. तो नंबर लिहिलेला कागद समोर होता, पण तिकडे नंतर. आधी लेकीला. काय बोलायचं याची ती मनाशी तयारी करत होती. "परवा जरा दमल्यासारखी वाटलीस," असं एक वाक्य जुळलं. आईने ते स्वतःच बाद केलं. हे दोन इंच कमी करून सांगणंच झालं. मग तिने दुसरं जुळवलं. "जिन्यात तू तीनदा थांबतेस. पूर्वी एकदा थांबायचीस. दाराआड उभी राहून मी मोजलंय. बुधवारी डॉक्टरबाईंकडे तुझ्याबरोबर येते, आणि त्यांनी तुला नीट तपासल्याशिवाय मी त्या खुर्चीतून उठणार नाही." लेक चिडेल. विनोद करेल. कदाचित फोनही ठेवेल. ठेवला तर आई पुन्हा लावील.

दहा वाजता कारखान्यात मशीनं सुरू होतात, मग कोणाचं काही ऐकू येत नाही. घड्याळात पावणेदहा झाले होते. आईने चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.