त्रेचाळिसावं माणूस

धावड्याच्या पुंजारामचा थोरला मुलगा तातेराव एसटीत कंडक्टर लागला, तेव्हा भोकरदनच्या स्टँडवर त्याची भरपूर टिंगल व्हायची. कारण हा पठ्ठ्या डबल बेल द्यायच्या आधी गाडीतली माणसं मोजायचा. बाकीचे कंडक्टर तिकिटांवर नजर टाकून मोकळे होत. तातेराव पुढून मागे डोकी मोजत जाणार, मागून पुढे तोंडं बघत येणार आणि मगच दोरी ओढणार. ड्रायव्हर रामकिसन स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणायचा, "आरं, किती मोजतो? माणसं हायेत का मेंढरं?"

"माणसं हायेत म्हणूनच मोजून राह्यलो," तातेराव म्हणायचा.

सात वर्षांच्या नोकरीत चहाच्या थांब्यावर त्याचं एकही माणूस मागे राहिलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

१९७५ च्या जानेवारीत एका संध्याकाळी त्याची भोकरदन-जालना-औरंगाबाद गाडी शहराच्या अलीकडे पोलिसांनी अडवली. दिल्लीहून मुंबईला निघालेल्या एका विमानाच्या चाकात बिघाड झाला होता, म्हणून ते इथल्या विमानतळाकडे वळवलं होतं. उतरताना टायर फुटलं, चाकापाशी धूर झाला आणि आतल्या लोकांना रबरी घसरगुंडीवरून भराभर खाली काढावं लागलं. आग लागली नाही, हे नशीब. पण ती माणसं तासभर उघड्यावर कुडकुडत बसली होती आणि त्यांना शहरात न्यायला गाडी हवी होती. एसटीतले उतारू मागून येणाऱ्या गाडीत बसवा, असा हुकूम झाला.

तातेरावने उतारू मोजून खाली उतरवले, मागच्या गाडीच्या कंडक्टरसाठी चिठ्ठी लिहून पोलिसाच्या हातात दिली आणि घाईघाईने रामकिसनच्या शेजारी येऊन बसला. गाडी विमानतळाच्या फाटकातून आत गेली.

विमानातली माणसं चढली. प्रत्येकाच्या अंगावर करडं ब्लँकेट, कोणी डोक्यावरूनही घेतलेलं. कोण कुणाशी बोलत नव्हतं. विमान कंपनीचा टायवाला साहेब हातात यादी घेऊन वर आला, पेनाने हवेत ठिपके देत मोजलं आणि म्हणाला, "त्रेचाळीस. बरोबर. चला, आधीच उशीर झालाय."

तातेराव मोजत मागे गेला. त्रेचाळीसच. मग सवयीप्रमाणे तोंडं बघत निघणार, तोच शेवटच्या बाकड्यावरच्या ब्लँकेटातून ओळखीच्या मिशा दिसल्या.

"सर्जेराव अण्णा? तुमी?"

सर्जेराव म्हणजे धावड्याचे मोठे शेतकरी. उतरवलेल्या उतारूंपैकीच एक. ते मुळीच ओशाळले नाहीत. "तिकीट औरंगाबादचं काढलंय, तात्या. मधीच कशाला उतरू? तू चिठ्ठी लिहून राह्यला होता, तवा मागच्या मागं चढून आडवा झालो. या लोकांनी तर घोंगडीबी दिली."

तातेरावला हसू यायला हवं होतं. पण तो मनात पुन्हा आकडा मांडत होता. सर्जेराव धरून त्रेचाळीस, म्हणजे विमानातली बेचाळीस. एक माणूस कमी होतं.

त्याने साहेबाला सांगितलं. साहेब उखडला. "विमान रिकामं आहे. दोनदा पाहिलंय आम्ही. गेला असेल एखादा आधीच आपल्या गाडीनं."

"गेला आसंल तर कोन गेला, ते सांगा."

"तुम्ही बेल देताय की तुमच्या डेपोला कळवू?"

तातेरावच्या पगारावर घरातली सात तोंडं जगत होती. त्याला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण त्याला त्याच वेळी शाळेचं दार आठवलं. लहानपणी त्याच्या वस्तीतल्या पोरांना गुरुजी दाराबाहेर बसवत आणि हजेरी संपल्यावर म्हणत, झाले सगळे. सगळे झालेले नसत. त्याने दोरीवरचा हात काढून घेतला.

"खुशाल कळवा साहेब. पन एकदा नावं वाचा. मी बेल देत न्हाई."

रामकिसननेही इंजिन बंद केलं. तेव्हा कुठे साहेबाने यादी उघडली. एकेक नाव, एकेक 'हजर'. एका नावाला उत्तर आलं नाही. पुन्हा वाचलं. एकट्याच निघालेल्या एक वयस्कर बाई होत्या त्या. सोबतीला कुणी नाही, म्हणून त्या दिसत नाहीत असं म्हणणारंही कुणी नव्हतं.

मग बॅटऱ्या घेऊन सगळे धावले. सर्जेरावांनी ब्लँकेट फेकलं आणि चुकलेलं जनावर हुडकायच्या सवयीने गवत वाकलेलं कुठं दिसतं ते बघत निघाले. धावपट्टीपलीकडच्या कोरड्या चरातून त्यांची हाक आली, "तात्या, हिकडं! जल्दी ये!"

धुराच्या भीतीने बाई एकट्याच उलट्या बाजूला पळाल्या होत्या आणि चरात पडून घोटा मोडून बसल्या होत्या. अंग गारठलेलं, आवाज बसलेला. तातेराव आणि सर्जेरावांनी एकमेकांची मनगटं धरून हातांची खुर्ची केली. ज्या घरच्या माठाला तातेरावच्या बापाचा हात कधी लागू दिला नव्हता, त्या घरचे ते हात. दोघांनाही ते कळलं.

बाई त्याच्या खाकी बाहीला धरून पुटपुटल्या, "मला वाटलं, गेले सगळे."

"कसे जातील मावशी?" तातेराव म्हणाला. "डबल बेलच दिली न्हाई."

दोन दिवसांनी पेपर धावड्यात आला. तातेरावने तो बापाला वाचून दाखवला. चार ओळींची बातमी होती: विमान वळवलं, सर्व त्रेचाळीस प्रवासी सुखरूप.

पुंजारामला अक्षर येत नव्हतं. त्याने विचारलं, "तुझं नाव कुठंय?"

"न्हाई छापलं, बाबा."

म्हातारा म्हणाला, "त्यो आकडा कुठं हाय, दाव." तातेरावने दाखवला. पुंजारामने त्याच्यावर बोट ठेवलं आणि ते लवकर उचललं नाही.

"न्हाई तर बेचाळीस छापून आलं असतं," तो म्हणाला. "ह्यातलं एक माणूस माझ्या पोराचं हाय."