रोलर कोस्टरवर घेतलेलं नाव

देवगाव रंगारीच्या मनकर्णाबाईंनी चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. डोक्यानं विसरभोळा झालेला तो माणूस दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेला, तेव्हा पोलिसांनाही नाव लेकानंच सांगितलं. नंतर एकदाच, शहरातल्या क्रांती चौकात, बाईंना त्याची पाठ दिसली. "अहो! अहो!" त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या. दहा परकी माणसं वळली. तो वळला नाही. रिक्षात बसून गर्दीत गडप झाला. तेव्हापासून बाईंनी बोलणंच टाकलं.

आजीचं मन रमावं म्हणून नात श्रेयानं त्यांना शहराबाहेरच्या पार्कात ओढून नेलं आणि रोलर कोस्टरमध्ये बसवलं. गाडी खडखडत शेंड्यावर चढली. मग बुडाखालची जमीनच गेली, आणि बाईंच्या तोंडून फाटक्या आवाजात निघालं, "त्र्यंबक! ओ त्र्यंबक!"

गाडी थांबली. सगळे हसत उतरले. बाईंच्या हातून समोरचा दांडा सुटेना.

"आजी, लई भ्यालीस का?"

"नाय गं," बाई हुंदके देत म्हणाल्या, "मेलं एवढं सोपं व्हतं व्हय ते नाव?"