गोषवाऱ्यासाठी सोडलेली पट्टी

गिदोनचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. मैद्यात, कीड लागू नये म्हणून, चिमूटभर मोरचूद टाकून तो घरीच खळ शिजवायचा आणि डबा सायकलला अडकवून नगरच्या आमच्या बाईंडिंगच्या दुकानात आणायचा. बाजारचा गम त्याला चालत नसे. एकोणीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून शिलाई केली. आता दोघंही घरी आहोत.

आमच्याकडे विद्यार्थ्यांचे प्रबंध बांधायला येत. गोषवाऱ्याचं पान सह्या होऊन सगळ्यात शेवटी यायचं. म्हणून गिदोन पहिल्या पानामागे बोटभर कागदाची पट्टी शिवून ठेवायचा आणि गोषवारा नंतर तिच्यावर चिकटवायचा. चिकटवण्याआधी वाचायचा. दहावी नापास माणूस, पण एकही सोडला नाही.

शेतकीवाले पहिल्या ओळीत प्रयोग सांगत, मग किती वाफे, शेवटी उत्पन्न किती वाढलं ते. रसायनवाल्यांचं तसंच, फक्त आखूड. मराठीवाले विषय किती मोठा हे सांगण्यातच पान संपवत. इतिहासवाले आधीच्या अभ्यासकांशी भांडून मग स्वतःचं बोलत. गिदोनला शेतकीचे आवडत. यांनी मातीत हात घातलाय, म्हणायचा. मी त्याला बिनपरीक्षेचा डॉक्टर म्हणायचो.

त्याची मुलगी स्टेला इतिहासात पीएच.डी. करत होती. विषय, नगरच्या विड्या वळणाऱ्या बायका. तिची आई विड्या वळता वळताच गेली. सहा वर्षांत स्टेला बासष्ट बायकांच्या दारात बसली. नोंदणीची मुदत संपायला महिना उरला होता. समितीने गोषवारा मान्य केला, की प्रबंध सादर होणार होता.

चार पानी गोषवारा घेऊन ती दुकानात आली. गिदोनने वाचला, पेन्सिल उचलली आणि पहिली दोन पानं खोडली.

"पप्पा, इतिहासात असं लिहीत नाहीत."

"किती बायकांना भेटलीस, काय सापडलं, एवढं सांग. बाकीचं कोण वाचतंय? मी शेकड्यांनी बांधलेत, पोरी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "रशीदचाचा, तुम्ही सांगा."

तुझा बाप बरोबर बोलतोय, असं मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

उरलेलं तिने एका पानात बसवलं आणि तो गोषवारा गेला. मार्गदर्शक सरांनी न वाचता सही केली. समितीने परत पाठवला. आधी कोणी काय लिहिलं ते नाही, कागदपत्रं कुठली ते नाही, स्वतःची भूमिका नाही. ही खताची चाचणी वाटते, असा शेरा होता. स्टेलाने दोन दिवसांत पुन्हा लिहिला. पण समितीची पुढची बैठक दोन महिन्यांनी होती. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. तिने तीन अर्ज केले. तिन्हींचं उत्तर एकच, नियम.

आता ती शिर्डीच्या एका हॉटेलात येणाऱ्यांची नावं वहीत लिहिते. बापाला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर झोप लागली असती, असं गिदोन मला म्हणाला.

प्रबंधाच्या पाच प्रती गिदोनने आधीच बांधून ठेवल्या होत्या. मालक सूट देत होता, ती घेतली नाही. परवा मी एक प्रत उघडली. शिलाई एकसारखी, पाठ कुठे तडकत नाही. पहिल्या पानामागची पट्टी कोरी आहे. छपाई, लाल कापड, स्टेलाच्या नावाची सोनेरी अक्षरं, सगळं त्याच्या शेवटच्या पगारातलं.