मेलेल्या फोनची बटणं

मला काचेच्या फोनची शिसारी येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदारपणा शिकवायला नको. काशीत, रामघाटाच्या आमच्या गल्लीत हल्ली जो तो त्या काचेवर बोट घासत चालतो. कचौडी खाल्लेलं बोट, नाकातून काढलेलं बोट, आणि त्याच बोटाने देवाचा फोटो वर ढकलायचा. परवा दूधवाल्याने नातवाचा फोटो दाखवायला फोन पुढे केला, तर पोराच्या गालावर भलामोठा तेलकट डाग. पोराचा गाल स्वच्छच होता, डाग काचेवर होता. मी त्याला म्हटलं, आधी पूस, मग कौतुक सांग. त्याने फोन धोतराला पुसला, तर डाग आणखीच पसरला.

मी पद्मा. शाळेत भूगोल शिकवत होते, आता निवृत्त आहे. माझ्या समोरच्या दारात विश्वेश मोघे राहतात, आमचे विश्वेशभाऊ. हे सगळं त्यांच्याबद्दल आहे.

विश्वेशभाऊ अहिल्याबाई घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांचे विधी करायचे. आवाज असा खणखणीत की त्यांनी संकल्प सांगायला घेतला की शेजारच्या छत्रीखालचा यजमान आपला गुरुजी सोडून इकडे कान द्यायचा. पण त्या गोड गळ्याला जोड कसली, तर जर्दा घातलेल्या विड्याची. सकाळी स्नान, संध्या, की लगेच विडा. आमच्या जिन्याचा कोपरा त्यांनीच लाल केला होता. मी नाक दाबून तो धुवायची आणि धुताना मोठमोठ्याने बोलायची, त्यांना ऐकू जावं म्हणून. ते हसायचे. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल. आता जिना स्वच्छ आहे, आणि त्या स्वच्छ कोपऱ्याकडे मला बघवत नाही.

इस्पितळातून आल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असं व्रत. आमच्याकडे जुने लोक अजून घेतात. एकदा घेतलं की मुलीचं लग्न पुण्यात असो की भावाचं मरण नागपुरात, पाऊल बाहेर पडत नाही.

त्यांची बायको शरदिनी. ती एका कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होती. बोटांकडे न बघता टाईप करायची, आणि करता करता माझ्याशी गप्पाही मारायची. निवृत्त झाली आणि साखरेने तिचे डोळे खाल्ले. आधी एक, मग दुसरा. आता अंधार.

म्हणजे घरात माणसं दोन. एकाला आवाज नाही, दुसरीला डोळे नाहीत. त्याने लिहावं तर ती वाचणार कशी? तळहातावर अक्षरं काढून बघितली, पण साखरेने तिचे तळवेही बधिर झालेले. तिला ‘प’ आणि ‘ष’ एकच वाटायचे. चिडून ती हात ओढून घ्यायची.

मग तिलाच आठवला तिचा जुना फोन. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत घेतलेला. बंद असला की साधा दिसायचा, पण वरचा पडदा अंगठ्याने बाजूला सारला की खट् आवाज व्हायचा आणि खालून बटणांच्या ओळी बाहेर यायच्या, देव्हाऱ्याखालचा खण ओढावा तशा. टाईपरायटरवर असतात त्याच ओळी, त्याच क्रमाने. तो घेताना दुकानदार तिला म्हणाला होता की आता काचेचे आलेत, हे कोण घेतं? ही म्हणाली, मला बोटाखाली काहीतरी लागायला हवं, काचेवर टाईप करणं म्हणजे नुसत्या वासावर जेवणं.

आता विश्वेशभाऊ तिच्या शेजारी बसायचे, फोन खट् करून उघडायचे, तिचं उजवं बोट धरायचे आणि एकेक बटण दाबायचे. कुठलं बटण कुठे, हे तिच्या हाताला पाठ होतं. सी, एच, ए, एच, ए. “चहा? आत्ता तर झाला,” ती म्हणायची. इंग्रजी अक्षरं, मराठी बोलणं. आणि गंमत म्हणजे तो फोन मेलेला होता. बॅटरी फुगली म्हणून कधीच काढून टाकली होती. पडदा काळा ठिक्कर. पण त्यांना पडदा लागतच नव्हता. त्यांना बटणं हवी होती, आणि बटणं शाबूत होती. त्या बटणांवरून ते भांडायचेसुद्धा. ती तावातावाने बोलायची आणि हे तिचं बोट धरून टकाटक दाबायचे, इतक्या जोरात की ती ओरडायची, “अहो, हळू! बोट आहे माझं, खिळा नाही.” माझ्या ओट्यावर बसून मी ऐकायची. बाहेरून खट् ऐकू आलं की समजायचं, मोघ्यांचं बोलणं सुरू झालं.

अशात त्यांचा मुलगा रोहन पुण्याहून आला. मुलगा चांगला आहे, आईबापांवर जीव आहे. पण सगळं नवीन म्हणजे चांगलं, हा रोग त्याला आहे. त्याने वडिलांसाठी काचेचा फोन आणला, त्यात एक बोलणारी सोय घालून. आपण लिहायचं, खालचं बटण दाबायचं, की आतली बाई ते मोठ्याने वाचून दाखवते. हिंदी बाई. रोहन बनारसच्या शाळेत शिकलेला, घरात मराठी बोलतो पण निम्मी हिंदीच.

“आई, बघ ना, बाबा आता सीधा बोलू शकतात,” तो म्हणाला. “मावशी, तुम्ही पण ऐका.”

विश्वेशभाऊंनी काचेवर बोट फिरवून काहीतरी लिहिलं. बाई बोलली, “शारदीनी, कैसी हो.”

शरदिनीने मान वळवली. “अहो, ही कोण बया?”

मला तर अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ज्या माणसाच्या संकल्पाला घाट थांबायचा, त्याच्या तोंडी ही विमानतळावरची गुळगुळीत बाई! बरं, त्या काचेला मराठी धड कळत नव्हती. ‘भात’ लिहिलं की ‘बात’ व्हायचं, ‘पाणी’चं ‘पानी’. शरदिनीने एकदा विचारलं की माझं बोट कुठे ठेवायचं? काचेवर ठेवलं तर सगळं सपाट, आणि वर गॅसवाल्याला फोन लागला. तो पलीकडून हॅलो हॅलो करत बसला. रोहन हसला. मी नाही हसले.

त्या हसण्याहसण्यातच रोहनने जुना फोन चौकापलीकडच्या गल्लीतल्या मोबाईलवाल्याला देऊन टाकला. कुणाला विचारलंही नाही. चालत नव्हता, कचरा होता, असं त्याला वाटलं. त्याच आठवड्यात मी इंदूरला बहिणीकडे गेले.

परत आले तर मोघ्यांच्या दारात बॅग भरून ठेवलेली. शरदिनीची. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि विश्वेशभाऊ दुसऱ्या कोपऱ्यात, रुमालावर हात ठेवून. रोहन तिकिटं बघत होता.

“आईला घेऊन जातो पुण्याला,” तो म्हणाला. “तिकडे देखभाल होईल. बाबा तर काशी सोडणार नाहीत. मैंने दोघांना विचारलं. बाबांनीच हो म्हटलं.”

विश्वेशभाऊंनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही.

“बाबा, आई पण तयार झाली आहे, आता परत इमोशनल होऊ नका ना,” रोहन म्हणाला.

मी त्यांच्यासमोर कागद आणि पेन टाकलं. त्यांनी लिहिलं, आणि मला सगळा घोळ समजला. रोहनने विचारलं तेव्हा त्यांनी त्या काचेवर इंग्रजी अक्षरांत ‘जाऊ नको’ लिहायला घेतलं होतं. घाई झालेली. ‘जाऊ ना’ इतकं झालं, आणि बोट घसरून खालच्या बटणावर पडलं. काचेने आपली अक्कल चालवून त्याचं हिंदी केलं. आणि ती बाई लाडीगोडीने म्हणाली, “जाओ ना.”

रोहनने तेच ऐकलं. हिंदीत याचा अर्थ, जा की गं. शरदिनीनेही तेच ऐकलं. आयुष्यभर काशीत राहिलेल्या बाईला हिंदीतलं ‘ना’ न कळायला काय झालं? ज्या माणसाला आपण सोडून गेलो तर तो पुन्हा कधी भेटायला येऊ शकणार नाही, तो माणूस परक्या बाईच्या तोंडून सांगतो, जा ना. त्यानंतर तिने बोलणं बंद केलं. त्यांनी हात धरला तर झटकून टाकला, आणि साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

मी खाटेजवळ जाऊन तिला सगळं सांगितलं. ‘नको’ लिहायचं होतं, फोनने खाल्लं, असं घडाघडा बोलले.

ती म्हणाली, “पद्मा, तू माझी मैत्रीण. तू असंच सांगणार. मला आता त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. तुझ्याही नाही.”

“मग कुणाच्या?”

ती नुसता उजवा हात मांडीवर पालथा ठेवून बसली, आणि तर्जनी जरा उचललेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या काचेवर, त्या बाईवर, आणि रोहनवरही. “तो जुना फोन कुठे दिलास?” मी विचारलं.

“मावशी, तो तर चालतच नव्हता!”

“बोलत होता ना पण! चल दाखव.”

विश्वेशभाऊ चपला घालून आधीच जिना उतरले होते. दुकान म्हणजे एक खोका, आणि समोर पाटीभर मेलेले फोन. फुटक्या काचा, सुटलेल्या वायरी, वर माशा, आणि तिथे चिकटलेला कुणाचा तरी घाम. मी पदर नाकाला लावला. एवढ्या लोकांनी एवढं घासलं, आणि शेवटी हा उकिरडा! दुकानदार चहा पीत होता. विश्वेशभाऊंनी धोतर सावरलं, खाली बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पाटीत घातले. जो माणूस परक्याच्या हातचं पाणी पीत नाही, तो त्या घाणीत चाचपत होता. डोळ्यांनी शोधत नव्हते, नुसते अंगठ्याने एकेक फोन सरकवून बघत होते. सपाट, सपाट, सपाट. मग खट्.

दुकानदार म्हणाला, “माताजी, ई त मर गयल हौ।”

“मालूम है,” मी म्हटलं. “लाश ही दे दो।”

फोनच्या पाठीवर कुणीतरी हत्यार लावून टवका काढला होता. पडद्याचा कोपरा उडालेला. विश्वेशभाऊंनी तो उपरण्याने पुसला आणि येताना वाटेतल्या हापशावर धुतला. रोहन म्हणाला, “बाबा, पाणी जाईल आत!” मी म्हटलं, जाऊ दे, त्याला आता सर्दी होत नाही.

घरी आलो. शरदिनी तशीच भिंतीकडे तोंड करून. विश्वेशभाऊ उंबऱ्यातच थांबले. धाप लागली होती. गळ्यावरचा रुमाल फडफडत होता. त्यांनी तिथूनच पडदा सरकवला.

खट्.

तिने मान वळवली नाही. पण मांडीवरचा हात उचलला आणि पुढे धरला.

ते शेजारी बसले, तिचं बोट धरलं आणि दाबलं. मला खोटं बोलता येत नाही म्हणून सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला राग आला. जे. ए. यू. तिथे तिचं बोट ताठ झालं. तिला वाटलं असणार, पुन्हा तेच. त्यांनी सोडलं नाही. एन. ए. मग के. ते बटण त्यांनी इतकं जोरात दाबलं की तिचं नख पांढरं झालं. मग ओ. आणि पुन्हा के, ओ. पुन्हा के, ओ. दाबतच राहिले. को, को, को.

या वेळी ती ‘हळू’ म्हणाली नाही.

रोहन दारात उभा होता. तिथून त्याला बटणं दिसत नव्हती, पण समजत होतं. त्याने बॅग पायाने हळूच मागे सरकवली. खिडकीत ठेवलेला काचेचा फोन तेवढ्यात उजळला आणि कुणी न विचारता ती बाई गोड आवाजात काहीतरी बोलली. बॅटरी कम है, असं काहीसं.

शरदिनीने नवऱ्याची मूठ घट्ट धरली आणि आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

“नाही जात,” ती म्हणाली. “पण आधी त्या बयेला घराबाहेर काढा.”